मिरची पेशींना वाचवते, पण कुठल्या पेशींना?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुणीतरी परदेशातून कॅप्सेसिनच्या, म्हणजे मिरचीतल्या तिखट द्रव्याच्या, गोळ्यांची बाटली आणून दिली आहे आणि तिच्यावर ‘मिरचीतलं अँटिऑक्सिडंट, पेशींचं संपूर्ण संरक्षण’ अशा अर्थाचा दावा छापलेला आहे. घरात लाल तिखट आणि हिरवी मिरची रोज असतेच. मग मिरचीतली द्रव्यं पेशींना खरंच वाचवतात का? आणि वाचवत असतील तर वेगळी गोळी कशाला?

वाचवतात. पण कुठल्या पेशींना, किती वेळ आणि कुठल्या वाटेने, हे न सांगता केलेल्या दाव्याला काही अर्थ उरत नाही. मसाल्यांमधली द्रव्यं वेगळी काढणं, त्यांचं प्रमाण मोजणं आणि ती पेशींवर घालून काय होतं ते बघणं हेच माझं काम राहिलं आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी नुकसान कशाने होतं ते बघू. आपण श्वासातून घेतलेला बहुतेक ऑक्सिजन पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांमध्ये, वापरला जातो. तिथे इलेक्ट्रॉन हातोहात पुढे सरकतात आणि शेवटी ऑक्सिजनचं पाणी होतं. या साखळीतून थोडे इलेक्ट्रॉन मधूनच निसटतात, ऑक्सिजनला चिकटतात आणि सुपरऑक्साइड तयार होतं. त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड होतं आणि त्याची गाठ मोकळ्या लोहाशी पडली तर हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे या कुटुंबातला सर्वांत दांडगा. रॅडिकल म्हणजे जोडीदार नसलेला एकटा इलेक्ट्रॉन बाळगणारा, म्हणून आक्रमक असलेला रेणू. तो जे पहिलं समोर येईल त्यावर तुटून पडतो. पेशीपटलात दुहेरी बंध असलेली मेदाम्लं ठासून भरलेली असतात. त्यातल्या एकातून एक हायड्रोजन ओढला गेला की ते मेदाम्ल स्वतःच रॅडिकल होतं, ऑक्सिजन घेतं आणि शेजारच्या मेदाम्लातून हायड्रोजन ओढतं. असं एकामागून एक चालू राहतं. शेंगदाण्याचं तेल खवट होतं तेव्हा हेच घडत असतं. पेशीपटल खवट होतं म्हटलं तरी रसायनशास्त्राच्या दृष्टीने फार चूक होणार नाही.

ही साखळी तोडायला कुणीतरी स्वतःचा हायड्रोजन देऊन टाकावा लागतो आणि दिल्यावर स्वतः शांत बसावं लागतं. साखळी तोडणाऱ्या अँटिऑक्सिडंटची व्याख्या एवढीच आहे. शरीराकडे स्वतःची मोठी फौज आहेच: सुपरऑक्साइड डिस्म्युटेज, कॅटालेज, ग्लुटाथायोन आणि त्याच्यावर चालणारी विकरं (एन्झाइम). बाहेरून खाल्लेली कुठलीही वस्तू या फौजेच्या तुलनेत किरकोळच असते.

आता मिरचीकडे येऊ. कॅप्सेसिनच्या रेणूला एक डोकं आणि एक शेपूट असतं. डोकं म्हणजे बेंझिनचं कडं, त्यावर एक हायड्रॉक्सिल गट आणि त्याच्या शेजारी एक मिथॉक्सी गट. शेपूट म्हणजे तेलात मुरणारी लांब कार्बन साखळी. दोघांना जोडणारा दुवा अमाइड प्रकारचा. हे डोकं व्हॅनिलाच्या वासाच्या व्हॅनिलिनमध्ये आहे, लवंगेतल्या युजेनॉलमध्ये आहे, आल्यातल्या जिंजरॉलमध्ये आहे आणि हळदीतल्या कर्क्युमिनमध्ये तर दोनदा आहे. गोडा मसाला करणाऱ्या बाईच्या परातीत या एकाच डोक्याचे तीन-चार भाऊबंद सहज सापडतील.

अँटिऑक्सिडंट म्हणून काम करायची ताकद मुख्यतः या डोक्यात असते. हायड्रॉक्सिल गटातला हायड्रोजन सुटतो, मागे राहिलेला एकटा इलेक्ट्रॉन कड्यावर पसरतो आणि शेजारचा मिथॉक्सी गट त्याला स्थिर करायला मदत करतो. शेपटाचं काम निराळं. ते रेणूला पेशीपटलाच्या मेदात नेऊन बसवतं. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, त्यामुळे पटलाच्या आत चाललेल्या साखळीपर्यंत ते थेट पोचत नाही. कॅप्सेसिन पोचतं.

तिखटपणा मात्र या ताकदीपेक्षा वेगळी गोष्ट आहे, आणि हे जपानमधल्या एका मिरचीने फार छान दाखवून दिलं. क्योतो विद्यापीठात सुसुमु याझावा यांनी थायलंडच्या एका तिखट मिरचीतून निवड करत ‘सीएच-१९ स्वीट’ नावाचा बिनतिखट वाण तयार केला. १९९० च्या दशकाच्या शेवटी त्यातलं मुख्य द्रव्य ओळखलं गेलं, त्याचं नाव कॅप्सिएट. डोकं तेच, शेपूट तेच, फक्त मधला दुवा अमाइडऐवजी एस्टर. झाडातल्या एका विकराच्या जनुकात बिघाड झाल्यामुळे व्हॅनिलिनपासून व्हॅनिलिलअमाइन बनायच्या जागी व्हॅनिलिल अल्कोहोल बनतं आणि पुढे कॅप्सेसिनऐवजी कॅप्सिएट. दुवा एवढासा बदलला आणि तिखटपणा हजारपटीच्या आसपास घसरला. या कुटुंबाला कॅप्सिनॉइड म्हणतात.

मग इटलीत, सार्डिनिया बेटावरच्या काल्यारी विद्यापीठातल्या संशोधकांनी २००२ मध्ये कॅप्सिनॉइडांची अँटिऑक्सिडंट म्हणून परीक्षा घेतली. लिनोलेइक आम्ल हे मेदाम्ल हवेने आपोआप खराब होतं आणि लोह घातलं की आणखी वेगाने. कॅप्सिएटने दोन्ही प्रकारची खराबी रोखली. पेशींच्या वाढवलेल्या थरावर लोहाचा मारा केला तेव्हाही मेदाचं ऑक्सिडीकरण कमी झालं, आणि द्रव्याने स्वतः पेशींना इजा केली नाही. व्हॅनिलिल नोनॅनोएट हे त्याचंच सोपं, प्रयोगशाळेत बनवता येणारं रूपही तसंच वागलं. म्हणजे जीभ भाजली नाही तरी पेशीपटल वाचतं. ‘जितकं तिखट तितकं औषधी’ हा आपल्याकडचा आवडता समज इथेच गळून पडतो. लवंगी मिरची चावून डोळ्यांतून पाणी काढणाऱ्याला त्याच्या शौर्याचं श्रेय जरूर द्यावं, पण अँटिऑक्सिडंटचं नाही.

इथपर्यंतची गोष्ट काचेच्या भांड्यातली झाली.

बाजारात जे ‘अँटिऑक्सिडंट क्षमता’ म्हणून आकडे फिरतात ते कसे येतात ते सांगते. सर्वांत स्वस्त आणि सोपी चाचणी डीपीपीएचची. हा एक गडद जांभळा, टिकाऊ रॅडिकल. मिथेनॉलमध्ये विरघळवायचा, त्यात मिरचीचा अर्क घालायचा आणि ५१७ नॅनोमीटरवर रंग किती उतरला ते मोजायचं. जांभळ्याचं पिवळसर झालं की अर्क ‘गुणकारी’. एमएस्सीच्या विद्यार्थ्याला शिकायला ही चाचणी उत्तम आहे. पण डीपीपीएच नावाचं काही शरीरात नसतं, आपल्या रक्तात मिथेनॉल नसतं आणि पेशीपटल म्हणजे परीक्षानळी नव्हे. असाच ओरॅक नावाचा आकडा एकेकाळी प्रत्येक फळाच्या आणि मसाल्याच्या जाहिरातीत असायचा. अमेरिकेच्या कृषी खात्याने त्याची मोठी यादी आपल्या संकेतस्थळावर ठेवली होती. २०१२ मध्ये त्यांनी ती काढून टाकली, कारण त्या आकड्यांचा माणसाच्या शरीरातल्या परिणामाशी संबंध दाखवता येत नव्हता आणि कंपन्या मात्र ते सर्रास वापरत होत्या. जाहिरातीतून तो आकडा अजूनही गेलेला नाही.

पेशींवरचे प्रयोग एक पायरी वरचे, पण तिथेही एक खोच आहे. आपण पेशींवर किती द्रव्य घालतो? कॅप्सेसिनच्या बहुतेक प्रयोगांत १० ते १०० मायक्रोमोलर, कधी त्याहूनही जास्त. (मायक्रोमोलर म्हणजे एका लिटरमध्ये द्रव्याचे किती रेणू आहेत ते मोजायचं एकक, नॅनोमोलर त्याचा हजारावा भाग.) पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही, म्हणून डायमिथाइल सल्फॉक्साइड या द्रावकात विरघळवून घालावं लागतं. ही पातळी शरीरात येते का? हिशोब करून बघू, कारण या उत्तराचा कणा तोच आहे.

तिखटाई स्कोव्हिल या एककात मोजतात. शुद्ध कॅप्सेसिनची तिखटाई सुमारे १ कोटी ६० लाख स्कोव्हिल. गुंटूर सन्नम मिरची ३५ ते ४० हजारांच्या घरात. म्हणजे तिच्या वजनाच्या साधारण पाव टक्का तिखट द्रव्य, एका ग्रॅम तिखटात अडीच मिलिग्रॅमपर्यंत. दिवसाला आठ ग्रॅम झणझणीत तिखट पोटात घालणाऱ्याला २० मिलिग्रॅम मिळालं.

थायलंडमधल्या एका अभ्यासात, २००९ साली, निरोगी स्वयंसेवकांना ५ ग्रॅम मिरची दिली होती, त्यात २६.६ मिलिग्रॅम कॅप्सेसिन होतं. रक्तातली पातळी पाऊण तासाच्या सुमारास सर्वोच्च झाली: मिलिलिटरमागे सुमारे २.५ नॅनोग्रॅम. पुढे दर २५ मिनिटांनी निम्मी. २.५ नॅनोग्रॅम म्हणजे साधारण ८ नॅनोमोलर. प्रयोगशाळेत पेशींवर घालतात ती मात्रा याच्या हजार ते दहा हजार पट भरते. आतड्यातून शोषलेलं कॅप्सेसिन यकृतात पोचतं आणि तिथली विकरं त्याचा लगेच निकाल लावतात. कॅप्सिएटचं तर त्याहून वाईट. एस्टरचा दुवा आतड्यातच तुटतो आणि तोंडाने घेतल्यावर मूळ रूपात ते रक्तात सापडत नाही.

एवढ्या पातळ पातळीवर कॅप्सेसिन हृदयाच्या, मेंदूच्या किंवा मूत्रपिंडाच्या पेशीत जाऊन रॅडिकल टिपत बसेल, हे मला पटत नाही. त्याच रक्तात युरिक आम्ल शेकडो मायक्रोमोलर असतं, क जीवनसत्त्व चाळीस-पन्नास मायक्रोमोलर. ८ नॅनोमोलरला तिथे कोण विचारतो? बाटलीवरचा ‘संपूर्ण’ इथे निकालात निघाला.

पण हाच हिशोब आतड्याच्या बाजूने मांडला तर चित्र पालटतं. २० मिलिग्रॅम कॅप्सेसिन जेवणाच्या एक लिटर द्रवात मिसळलं असं धरा. पातळी होते सुमारे ६५ मायक्रोमोलर. सगळं विरघळलेलं नसतं, बरंचसं तेलाच्या थेंबांत अडकलेलं असतं, तरीही प्रयोगातल्या पेशींना जे मिळतं त्याच्या जवळपासचं आतड्याच्या अस्तराला खरोखर मिळतं. आणि अस्तराला त्याची गरजही असते. अन्नातलं लोह, तळणातले आधीच खराब झालेले मेद, पित्त, जिवाणू, सगळं एकाच ठिकाणी. मिरचीतलं अँटिऑक्सिडंट ‘थेट’ काम कुठे करत असेल तर तोंडापासून मोठ्या आतड्यापर्यंतच्या या नळीत, असं माझं मत आहे. आणि त्याही आधी, अन्न पोटात जाण्यापूर्वी, खुद्द अन्नात. लोणच्याच्या बरणीत मिरची, मोहरी, हळद आणि मेथी तेलाला खवट होण्यापासून काही अंशी राखतात, हे या द्रव्यांचं सर्वांत निर्विवाद काम आहे. त्याची गोळी करून कुणी विकत नाही.

अप्रत्यक्ष मार्ग याहून रंजक आहे. कॅप्सेसिनला ओळखणारं प्रथिन, टीआरपीव्ही-१, १९९७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोमध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने शोधलं. हे प्रथिन म्हणजे मज्जातंतूच्या पटलातली, उघडझाप करणारी वाहिनी. सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर उघडणारी ही वाहिनी कॅप्सेसिनने त्याहून खालच्या तापमानालाच उघडते, म्हणून मिरची ‘भाजते’. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना मिळालं ते या आणि स्पर्शाच्या वाहिन्यांसाठी. ही वाहिनी उघडायला एक मायक्रोमोलरच्या आसपास किंवा त्याहून कमी कॅप्सेसिन पुरतं. रॅडिकल टिपायला रेणूमागे रेणू खर्च होतात. इथे फक्त इशारा पुरतो, पुढचं काम पेशी स्वतः करते.

जठराच्या अस्तरात या वाहिनीवाल्या मज्जातंतूंचं जाळं असतं. ते चाळवले की तिथला रक्तप्रवाह वाढतो आणि अस्तराची दुरुस्ती सुधारते. सिंगापूरमध्ये १९९५ च्या एका अभ्यासात स्वयंसेवकांना अ‍ॅस्पिरिन देण्याआधी २० ग्रॅम मिरची पूड दिली तेव्हा जठराच्या अस्तरावरच्या जखमा कमी दिसल्या. मिरचीने अल्सर होतो असं ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे चमत्कारिक वाटेल. अल्सरची मुख्य कारणं हेलिकोबॅक्टर जंतू आणि वेदनाशामक गोळ्या, मिरची नव्हे. मात्र अल्सर असताना किंवा छातीत जळजळ होत असताना मिरचीने त्रास वाढतो, हेही तितकंच खरं. यावरून कुणी अ‍ॅस्पिरिनआधी तिखटाची वाटी रिकामी करू नये.

चीनमध्ये चोंगचिंगच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं की रक्तदाब वाढलेल्या उंदरांना महिनोन्‌महिने कॅप्सेसिन खाऊ घातलं तर रक्तवाहिन्यांच्या आतल्या थराची सैलावण्याची क्षमता सुधारते आणि टीआरपीव्ही-१ नसलेल्या उंदरांत हा फायदा मिळत नाही. म्हणजे काम वाहिनीमार्फत झालं, रॅडिकल टिपून नव्हे.

दुसरा इशारा पेशीच्या आतला. एनआरएफ-२ नावाचं प्रथिन एरवी कीप-१ या दुसऱ्या प्रथिनाच्या ताब्यात असतं आणि सतत मोडलं जात असतं. पेशीवर सौम्य ताण आला की कीप-१ ची पकड सुटते, एनआरएफ-२ केंद्रकात जातं आणि ग्लुटाथायोन बनवणारी, विषारी द्रव्यं निकामी करणारी विकरं तयार करायला लावतं. यकृताच्या पेशींवर कॅप्सेसिन घातल्यावर हेम ऑक्सिजनेज-१ हे त्यातलं एक विकर वाढतं, हे दिसलं आहे. यातली गंमत अशी की हा ताण कॅप्सेसिनच देतं. थोडंसं ऑक्सिडीकरण घडवून ते पेशीला सावध करतं.

आणि मात्रा वाढवली तर? कॅप्सेसिन तंतुकणिकेतल्या साखळीच्या पहिल्याच टप्प्यावर, कॉम्प्लेक्स-१ वर, अडथळा आणतं. इलेक्ट्रॉन तुंबतात, सुपरऑक्साइड वाढतं, पेशी मरते. कर्करोगाच्या पेशी मिरचीने मरतात अशा बातम्या तुम्ही वाचल्या असतील, त्या बहुतेक याच प्रकारच्या प्रयोगांवरून आलेल्या असतात. म्हणजे एकच द्रव्य एका जाहिरातीत पेशी वाचवतं म्हणून विकलं जातं आणि दुसऱ्या जाहिरातीत पेशी मारतं म्हणून. दोन्ही प्रयोग खरे आहेत. मात्रा कुणी वाचत नाही.

आपल्या देशातलं काम यात अजिबात मागे नाही. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत के. श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मसाल्यांवर कित्येक वर्षं काम केलं. कोलेस्टेरॉल वाढवलेल्या उंदरांच्या लाल रक्तपेशींचं पटल ठिसूळ होतं. आहारात कर्क्युमिन किंवा कॅप्सेसिन दिल्यावर तो ठिसूळपणा बराच आटोक्यात आला. कॅप्सेसिनचं प्रमाण खाण्याच्या ०.०१५ टक्के होतं. ऐकायला नगण्य वाटतं, पण दिवसाला अर्धा किलो कोरडं अन्न खाणाऱ्या माणसाला लावलं तर ७५ मिलिग्रॅम होतात, म्हणजे गुंटूरचं ३० ग्रॅम तिखट, रोज. उंदराचा चयापचय वेगळा असल्यामुळे असा सरळ गुणाकार करत नाहीत हे मान्य, पण अंदाज यावा म्हणून मांडला.

माणसांवरचा एक अभ्यास मला त्यातल्या त्यात नेटका वाटतो. ऑस्ट्रेलियात टास्मानिया विद्यापीठात २७ निरोगी लोकांनी चार आठवडे रोज ३० ग्रॅम मिरचीचं मिश्रण खाल्लं आणि चार आठवडे मिरचीविना काढले. मिरचीच्या काळातल्या रक्तद्रवातले लिपोप्रोटीन, म्हणजे मेद वाहून नेणारे कण, तांब्याच्या माऱ्याखाली सावकाश खराब झाले. २००६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. परिणाम छोटा आहे, पण गोळीने नव्हे, खाण्याने मिळालेला आहे. मिरचीत कॅप्सेसिनखेरीज बरंच काही असतं, त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचं हे त्यातून ठरत नाही.

चीनमधल्या जवळजवळ पाच लाख लोकांच्या पाहणीत तिखट जवळपास रोज खाणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी कमी दिसलं, इटलीतल्या मोलिसे प्रांतातल्या पाहणीतही तसाच कल होता. ही निरीक्षणं आहेत. तिखट खाणारा आणखी काय खातो, कसा जगतो, हे त्यात मिसळलेलंच असतं. मी यावरून कुणाला मिरची वाढवायला सांगणार नाही.

माझ्या मते मिरचीतले खरे मानकरी वेगळेच आहेत आणि ते बाटलीवर क्वचित येतात. पहिलं क जीवनसत्त्व. हंगेरीत सेगेड गावी अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी या शास्त्रज्ञांना हे द्रव्य पुरेसं मिळत नव्हतं. आजूबाजूला पाप्रिकाची, म्हणजे तिथल्या लाल मिरचीची, शेती होती. त्यांनी ती तपासली आणि काही आठवड्यांत किलोच्या हिशोबाने शुद्ध क जीवनसत्त्व हाती आलं. १९३७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. म्हणजे जगाला अँटिऑक्सिडंटचा पहिला भरघोस साठा मिरचीनेच पुरवला. आपल्या ताज्या हिरव्या मिरचीत १०० ग्रॅममागे १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक क जीवनसत्त्व असतं. जेवताना दोन मिरच्या चावल्या तर दहाएक मिलिग्रॅम. प्रौढ पुरुषाला रोज ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम लागतं असं राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. त्यामुळे मिरचीवर भागत नाही, पण तो वाटा अगदीच फुकटही नाही. ढोबळी मिरची, जिला कोल्हापुराकडे ढब्बू म्हणतात, ती भाजी म्हणून पोटभर खाता येते आणि तिच्यात ते भरपूर असतं. तिथे मात्र एका जेवणात दिवसाची गरज भागू शकते. मिरची वाळवली की यातलं बहुतेक सगळं जातं. ठेच्यासाठी तव्यावर भाजल्यानेही काही जातं.

दुसरा मानकरी लाल रंग. पिकलेल्या मिरचीचा लालपणा कॅप्सँथिन आणि कॅप्सोरुबिन या कॅरोटिनॉइडांचा, म्हणजे गाजराच्या रंगाच्या भाऊबंदांचा. त्यांच्या लांब साखळीत एकाआड एक दुहेरी बंध असतात आणि ती साखळी पेशीपटलात आडवी-उभी सामावते. उन्हामुळे तयार होणारा सिंग्लेट ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजनचं चेतलेलं रूप, शांत करण्यात कॅरोटिनॉइडांचा हात धरणारं फारसं कुणी नाही. कॅप्सँथिन तेलाबरोबर खाल्लं तर शोषलं जातं आणि रक्तातल्या लिपोप्रोटीनमध्ये सापडतं. आपल्याकडे ब्याडगी मिरची रंगासाठी घेतात, तिखटाईसाठी नाही. तिच्यापासून काढलेला रंगद्रव्याचा अर्क केरळातल्या कारखान्यांतून जगभर जातो. कोल्हापुरी रश्श्यावर जो लाल तवंग येतो त्यात हेच असतं. झणझणीतपणाला संकेश्वरी किंवा लवंगी आणि रंगाला ब्याडगी, ही आपल्या घरांतली जुनी विभागणी रसायनशास्त्राला धरूनच आहे.

वर्षाचं तिखट डब्यात फिकं पडत जातं ते याच रंगामुळे. हवा आणि उजेडाने कॅप्सँथिन स्वतः ऑक्सिडाइझ होतं. म्हणून तिखट काचेच्या बरणीत खिडकीशी ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधारात, आणि रोजच्या वापरापुरतंच छोट्या डबीत काढावं. डंकावर कांडलेलं तिखट गिरणीतल्यापेक्षा कमी तापतं, त्याचा रंगाला फायदा होतो. मिरच्या अख्ख्या ठेवून गरजेप्रमाणे दळल्या तर आणखी बरं.

आता गोळ्यांविषयी सरळ. अँटिऑक्सिडंट वेगळं काढून मोठ्या मात्रेत दिलं की काय होतं याचा जगाने महागडा धडा घेतला आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष धूम्रपान करणाऱ्यांच्या चाचणीत निम्म्यांना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन, म्हणजे गाजरातलं रंगद्रव्य, देण्यात आलं. १९९४ मध्ये निकाल आला: फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी सुमारे १८ टक्क्यांनी वाढला होता. अमेरिकेतली तशीच चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. भाज्यांतून बीटा-कॅरोटिन खाणारे लोक निरोगी दिसतात, यावरून गोळी बनवली गेली होती. कॅप्सेसिनने तेच होईल असं मी म्हणत नाही. पण ‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार’ हे वाक्य या चाचणीनंतर कुणी बोलू नये.

शिवाय गोळीचा एक विशेष तोटा आहे. जेवणातलं तिखट भात, भाकरी, तेल, ताक यांच्यात पसरून जातं. गोळी जठरात किंवा पुढे एकाच जागी फुटते. तिथली जळजळ, पोटदुखी, घाईची शौचाला लागणं या तक्रारी त्यामुळेच येतात. पित्ताचा, मूळव्याधीचा किंवा आतड्याच्या दाहाचा त्रास असेल, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा गरोदरपण असेल तर ती बाटली उघडण्याआधी डॉक्टरांना दाखवा. कॅप्सेसिनचं औषध म्हणून खरं स्थान सध्या त्वचेवर आहे: सांध्यांवर लावायची मलमं आणि नागिणीनंतरच्या वेदनेसाठी ८ टक्क्यांची पट्टी. ती मज्जातंतूंची टोकं बधिर करून काम करतात. अँटिऑक्सिडंटचा त्यात संबंध नाही.

पेशींच्या संरक्षणाची खरी काळजी असेल तर तिखट कुठून येतं याकडे आधी बघा. ओल्या जमिनीवर वाळवलेल्या किंवा दमट गोदामात पडलेल्या मिरचीवर बुरशी धरते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन येऊ शकतं. ते यकृताचा कर्करोग घडवणारं सिद्ध झालेलं विष आहे, आणि ते भाजल्याने किंवा शिजवल्याने पुरेसं नष्ट होत नाही. कितीही कॅप्सँथिन त्याची भरपाई करणार नाही. दुसरा घोटाळा रंगाचा. २००३ मध्ये भारतातून गेलेल्या मिरची पुडीत युरोपात सुदान-१ हा कारखान्यातला, खाण्यास मनाई असलेला रंग सापडला आणि त्यानंतर तिथली तपासणी कडक झाली. मिरची घेताना ती अख्खी घ्या, दोन-चार मिरच्या मोडून आत बघा. आत काळपट, करडी बुरशी दिसली किंवा कुबट वास आला तर ते पोतं सोडा, भाव कितीही चांगला असो. वरून तेल चोळून चकचकीत केलेल्या मिरच्याही टाळा. देठं काढून, कडक उन्हात ताडपत्रीवर वाळवून, पूर्ण कोरड्या झाल्यावरच कांडायला द्या. अर्धवट ओली मिरची कांडली तर डब्यात वर्षभर काय वाढतं ते दिसत नाही.

आणि बाटलीचं म्हणाल, तर तिच्यावर कॅप्सेसिन किती मिलिग्रॅम आहे तेवढं वाचून बघा. बऱ्याच बाटल्यांवर फक्त मिरची पुडीचं वजन आणि स्कोव्हिलचा आकडा असतो. वर दिलेला १ कोटी ६० लाखांचा हिशोब लावून मिलिग्रॅम काढता येतात. ५०० मिलिग्रॅमची आणि ४०,००० स्कोव्हिलची गोळी असेल तर त्यात सव्वा मिलिग्रॅम कॅप्सेसिन आहे, म्हणजे गुंटूरचं अर्धा ग्रॅम तिखट, पोह्यांवर घालतो त्याहूनही कमी.